उतारावर गप्प होणारी गाडी

आबा,

मला नवी गाडी घ्यायची आहे आणि मला भीती वाटते आहे. आज संध्याकाळपर्यंत शोरूमला हो किंवा नाही ते कळवायचं आहे. हे वर घरात दुपारचे झोपले आहेत. मी खाली पार्किंगमध्ये आमच्या जुन्या गाडीत, दार उघडं टाकून, मांडीवर कागद घेऊन बसले आहे. तुम्ही जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. तुम्ही होता तेव्हाही आपण दोघं फार बोलत बसायचो असं नाही, आणि शेवटची कित्येक वर्षं तर तुम्ही कुणाशीच धड बोलायचा नाहीत. पण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला विचारून उपयोग नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो रस्ता आता झकास झालाय, गाडी झकास आहे, घेऊन टाका. मला नेमकं काय विचारायचं आहे ते कुणाला कळतच नाही.

तुमच्या वेळी गाडी म्हणजे डिझेलची नाहीतर पेट्रोलची, विषय संपला. मी बघते आहे त्या गाडीला प्लग-इन हायब्रिड म्हणतात. हिच्यात पेट्रोलचं इंजिन आहे आणि शिवाय विजेवर चालणारी मोटर आहे. घरच्या प्लगला वायर लावून बॅटरी भरायची. बॅटरी असेल तोवर गाडी विजेवर पळते, संपली की इंजिन आपलं आपण सुरू होतं. नुसती विजेची गाडीही मिळते, पण पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या आपल्या गगनबावड्याची लाइट गेली की कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. म्हणून ही दोन्हीकडची. आमच्या फौंड्रीतले एक जण म्हणाले, "मॅडम, एका गाडीत दोन इंजिनं म्हंजे एका घरात दोन सुना. कवा कोण रुसंल सांगता यायचं न्हाय." सगळे हसले, मीही हसले, आणि घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीच्या तपासणी खात्यात काम करते. लोखंडाचा ओतलेला भाग टांगायचा, छोट्या हातोडीनं टोला द्यायचा आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत कुठंतरी चीर आहे. आता त्याला मशीन आलं आहे, तरी मी आधी हातोडी मारून बघते आणि पोरं मला हसतात. हसू देत. जे वाजतं त्याचं मला काही वाटत नाही. न वाजणाऱ्या वस्तूची मला भीती वाटते, आणि ही गाडी वाजत नाही.

गाडी घ्यायची वेळ का आली तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. आता चालतात, बोलतात, पण उजव्या हातात जोर नाही. गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. इतकी वर्षं लांबचं बहुतेक तेच चालवायचे. जुन्या गाडीचं पासिंगही संपत आलं आहे. आणि तुमची नात, जिला तुम्ही रांगताना तेवढी बघितलीत, ती घाटाखाली वैभववाडीला दिली आहे. तिला सातवा लागेल आता. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा तिला घेऊन यायचं आहे. जावई बँकेत आहेत, मार्चमध्ये त्यांना एक दिवस रजा मिळत नाही. मागच्या महिन्यात ती भाड्याच्या गाडीनं यायला निघाली होती. ड्रायव्हर एका हातात मोबाइल धरून घाट चढवत होता. तिनं अर्ध्या वाटेत गाडी परत फिरवायला लावली आणि घरी पोचल्यावर मला फोन केला. रडत होती. "मम्मी, तूच ये. दुसऱ्या कुणाच्या गाडीत मी बसणार नाही." मी लगेच म्हटलं, "येते की." फोन ठेवला आणि मग भान आलं. मी आजवर एकदाही गाडी चालवत घाट उतरलेले नाही.

ते तुमच्याच सांगण्यावरून. लग्नानंतर आम्ही जुनी का होईना पण पहिली गाडी घेतली, मी चालवायला शिकले, आणि तुम्हाला दाखवायला गावी घेऊन आले. तुम्ही काठी टेकत टेकत आलात, बाहेरून गाडीला एक चक्कर मारलीत आणि काही न बोलता माझ्या शेजारी बसलात. मी तुम्हाला साखर कारखान्यापर्यंत नेऊन परत आणलं. तुम्ही रस्त्याकडे बघत नव्हता, माझ्या पायांकडे बघत होता. दारात आल्यावर म्हणालात, "बरी चालिवतीस. सपाटीला चालीव. घाट दुसऱ्याला दे." मी म्हटलं, का म्हणून? तर एकदम आवाज चढवलात, "दे म्हटलं न्हवं!" तेवढं एकच रागावणं मला लग्नानंतरचं आठवतं. मग खिशातून एक लिंबू काढून तुम्ही माझ्या चाकाखाली ठेवलंत आणि म्हणालात, जा आता. मी ते ऐकलं. इतकी वर्षं घाट आला की मी गाडी बाजूला घेते आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसते. आता बाजूला घेऊन कुणाला देऊ?

ह्यांना मात्र ही गाडी फार आवडली आहे. आजारपणानंतर त्यांच्या बोलण्यात असा उत्साह मी पहिल्यांदा बघितला. एकेक शब्द जुळवत म्हणाले, "रोजचं कागल विजेवर. दवाखाना, बाजार विजेवर. घाट पेट्रोलवर. आपल्यासाठीच केलीय ही." खरंच आहे ते. कोल्हापुरातून कागलला जाऊन येऊन बॅटरीत थोडी शिल्लक राहते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आधी "पोरं खेळत्यात तितं, शॉक बसला म्हंजे?" असं म्हणून घेतलं, पण आमच्या मीटरवरून वेगळी वायर ओढायला शेवटी हो म्हणाले. पुराचं पाणी आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन गेलेलं आहे, त्याचीही धाकधूक आहे. पण पुरात कुठलीच गाडी खाली ठेवत नाहीत. विचार करायला बसलं की सगळं जुळतं. फक्त मी जुळत नाही.

पहिल्यांदा चालवून बघितली ती जोतिबाच्या रस्त्यावर. शेजारी शोरूमचा विक्रीचा माणूस, पेठ वडगावचा, गळ्यात टाय आणि बोलणं अस्सल आपल्याकडचं. चढाला इंजिन गुरगुरत होतं तोवर मी खुशीत होते. वर जाऊन वळलो, उतार लागला, मी पाय उचलला आणि इंजिन बंद. एकदम काही नाही. काचेबाहेरचा वारा तेवढा. मी म्हटलं, अहो, बंद पडली! तर तो हसला. "बंद पडली न्हाय मॅडम, तिनं बंद केलं. उताराला इंजिन लागतंय कशाला? आता फुकट पळत्या बगा." आबा, तो "फुकट" शब्द ऐकला आणि मी करकचून ब्रेक दाबला. भर रस्त्यात थांबले. मागून एक टेम्पोवाला ओरडला, "ओ मावशी, रस्ता काय घरचा हाय व्हय?" माझ्या हातांना एवढा घाम सुटला होता की स्टीअरिंग पदरानं पुसावं लागलं. विक्रीवाल्याला वाटलं बाईला ऑटोमॅटिकची सवय नाही.

त्याला कुठून माहीत असणार तुमची वडापची जीप. एसटीची वाट बघून कंटाळलेली माणसं भरायची, मावतील तेवढी आणि मग आणखी दोन, आणि बाजाराच्या दिवशी घाट उतरून थेट खाली वैभववाडी. सुट्टी असली की मी पुढं, डाव्या दाराशी, बायकांच्या मांडीत अर्धी. घाटाच्या तोंडाशी आलं की तुम्ही हात खाली नेऊन इंजिन बंद करायचा नॉब ओढायचात, गिअर मोकळा करायचात आणि मागं वळून ओरडायचात, "चला, आता फुकटात कोकण!" इंजिन गप्प व्हायचं. मग बांगड्या ऐकू यायच्या, मागच्या पाटीतली कोंबडी ऐकू यायची, वारा ऐकू यायचा. घाटातले सगळेच ड्रायव्हर असं करायचे. जो उताराला डिझेल जाळायचा त्याला नवखा म्हणून हसायचे. आणि इंजिन गप्प झालं की तुम्ही बोलायला सुरुवात करायचात. काय पावणं, म्हस व्याली का? आत्याबाई, सून कुठली केलीसा? ह्या टोकाला असलेल्याला त्या टोकाला असलेल्याचं सांगायचात, मोठ्यामोठ्यानं, दम न घेता, घाटाच्या पायथ्यापर्यंत. लोक म्हणायचे, ह्याच्या जीपमध्ये बसलं की वाट कळत नाही. मला तुमचा केवढा अभिमान वाटायचा.

मी सातवीत होते त्या वर्षीचा तो दिवस. मागं माणसांच्या पायात गुळाच्या ढेपी रचल्या होत्या, जीप नेहमीपेक्षा जड होती. तुम्ही एका म्हाताऱ्या बाबांना त्यांच्या मुलीच्या लग्नाचं विचारत होता. "मग मांडव दारातच घालणार का..." आणि तुम्ही वाक्य अर्धं सोडलंत. आबा, मला सगळ्यात आधी कळलं ते त्यावरून. जीपचा वेग मला कळला नव्हता. तुम्ही दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून सीटवरून उठलात आणि पाय खाली जाईना, दगडावर उभे असल्यासारखे. मग नॉब आत ढकललात, गिअर टाकायला गेलात आणि गिअर पडेना. खर्रर्र खर्रर्र असा तो आवाज. समोर वळण. दरी माझ्या बाजूला होती आणि डोंगर तुमच्या. तुम्ही "धरून बसा!" म्हणालात आणि जीप रस्ता ओलांडून उजवीकडे, तुमच्या अंगाला, डोंगरात घातलीत. मला एक ओरखडासुद्धा आला नाही. तुमचा उजवा पाय गुडघ्यापासून अधू झाला तो झालाच.

हवालदार आला तेव्हा माणसं रस्त्याकडेला बसली होती, कुणाचं डोकं फुटलेलं, कुणाचा हात. ज्या बाईचा हात पदराच्या झोळीत बांधला होता, तीच सगळ्यांच्या आधी म्हणाली, "ब्रेक फेल झालं सायेब. त्येनं काय करावं? त्येच्यामुळं वाचलो." मग सगळे तेच म्हणाले. इंजिन बंद होतं हे एकानंही सांगितलं नाही. त्यांना कुणी गप्प बसवलं नव्हतं. त्यांच्या लेखी इंजिन बंद असणं हे घाटात असतंच, त्यात काय सांगायचं. मला मात्र तेव्हाही वाटलं होतं की ब्रेक आपोआप फेल झालेला नाही; इंजिन बंद ठेवलं की ब्रेकला त्याचा जोर मिळत नाही, हे पुढं कळलं. तुम्हालाही वाटलं असणार, कारण दवाखान्यात बघायला येणारे ब्रेकला शिव्या द्यायला लागले की तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवायचात. मग जीप विकलीत, मामांच्या किराणा दुकानात गल्ल्याशेजारी बसायला लागलात, आणि गप्प झालात. पाय दुखतो म्हणून माणूस बोलत नाही, असं आई सांगायची. आम्हीही तेच धरून चाललो.

जोतिबाहून घरी आले आणि हे सगळं मी ह्यांना पहिल्यांदा सविस्तर सांगितलं. इतक्या वर्षांच्या संसारात ब्रेक फेल एवढंच सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझे आबा गाडी मोकळी सोडायचे. ही मोकळी सुटत नाही. तू पाय उचललास की चाकं मोटर फिरवतात, मोटर वीज करते, आणि त्याचं ओझं चाकांवर येतं. कुणी मागून पदर धरल्यासारखं." मी म्हटलं, जोतिबाला धरला होता खरा, पण तिथला उतार तो काय. मला आपल्या घाटात बघायचं आहे, लेकीला घेऊन यायच्या आधी. शोरूमनं आढेवेढे घेतले आणि शेवटी परवाच्या रविवारी दाखवायची गाडी दिली. सोबत तोच वडगावचा माणूस.

भीती माणसाला काय काय करायला लावते बघा. त्या गाडीत वीज राखून ठेवायचं एक बटण आहे. मी कोल्हापुरातून निघतानाच ते दाबलं आणि गगनबावड्यापर्यंत सगळा रस्ता पेट्रोलवर आले. वीज घाटासाठी जवळ असलेली बरी, असा माझा हिशोब. वर धाकट्या भावाकडे थांबलो. त्याची आता पिठाची गिरणी आहे. त्याला जीपचं काही आठवत नाही, तेव्हा तो पाळण्यात होता. त्यानं रविवार म्हणून मटण केलं होतं. "आक्का, जेवल्याबिगार घाट उतरायचा न्हाय. पावणं, तुमी बी लाजू नका," असं म्हणून आम्हाला बसवलं. आम्ही जेवत होतो तेवढ्यात त्यानं गिरणीतून जाड वायर ओढून गाडीला लावली. मी बाहेर आले तर उभा राहून हसतोय. "माणसं जेवली आनि पावण्यांची गाडी उपाशी ठिवायची व्हय? तिला बी जेवू दे की." मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. मग त्याच्या आग्रहाखातर चहाही झाला, गप्पा झाल्या, आणि निघताना बॅटरी काठोकाठ भरलेली. वडगावचा माणूस म्हणाला, "झ्याक! आता काय काळजीच न्हाय मॅडम."

घाटाचं तोंड आलं. रस्ता आता सिमेंटचा आणि रुंद झाला आहे, तुम्ही ओळखणार नाही. उतार लागला, मी पाय उचलला, इंजिन बंद झालं, आणि मी पदर धरला जाण्याची वाट बघत राहिले. कुणी धरला नाही. गाडी मोकळी सुटल्यासारखी पुढं जायला लागली. आवाज नाही, काही नाही, फक्त काचेवर वारा. आणि मग मला माझाच आवाज ऐकू आला. मी त्या माणसाला विचारत होते, वडगावात घर कुठं, जनावरं किती, लग्न ठरलं का, मुलगी कुठली बघताय, नोकरीवाली का घरची. एवढ्या मोठ्यानं की तो दचकून माझ्याकडे बघत होता. ब्रेक दाबत होते, ब्रेक लागत होता, पण प्रत्येक वेळी मला वाटायचं की आता पुढच्या वेळी हा दगड होणार. दुसरं वळण, तिसरं वळण. तो "व्हय, व्हय" करत समोर बघत होता, आणि मग त्याचं मॅडम म्हणणं सुटलं. "मावशी, ब्रेक धरा. मावशी, जरा ब्रेक धरा!" मी त्याच्या होणाऱ्या सासुरवाडीबद्दल काहीतरी विचारत होते. ते वाक्य माझ्या तोंडात अर्धंच राहिलं.

तेवढ्यात इंजिन सुरू झालं. आपलं आपण, एकदम, मोठ्यानं. गिरणीचा पट्टा चढवल्यावर घरघर सुरू होते तसं. मला वाटलं काहीतरी तुटलं. त्यालाही तेच वाटलं असणार, त्यानं दोन्ही हातांनी दाराची मूठ धरली होती. पण गाडी आवरली. इंजिन ओरडत होतं आणि गाडी हळू होत होती. पुढच्या रुंद जागेला मी कठड्याजवळ ती उभी केली, हातब्रेक लावला आणि किती तरी वेळ पाय ब्रेकवरून उचललाच नाही. नशिबानं फोनला रेंज होती. ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "वर चार्जिंग केलं होतंस?" म्हटलं, हो, अगदी भरून. "मग बरोबर आहे. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज ती कुठं ठेवणार? म्हणून धरलं नाही तिनं. मग इंजिन फिरवून गाडी आवरली. घाटावर रिकामी होऊन पोचायचं असतं. मी तुला आधी सांगायला हवं होतं." माझा हिशोब आणि धाकट्याचा पाहुणचार, दोन्ही मिळून तिचा घास घशाशी आला होता.

मी कठड्यावर बसले. तुमचं वळण नेमकं कुठलं ते मला ओळखता आलं नाही. आणि आबा, मला तुमचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा. एवढ्या माणसांना भरून, स्वतःच्या पोरीला दरीच्या बाजूला बसवून, तुम्ही रोज ते इंजिन का बंद करत होता? ह्या गाडीला कुणी शिकवलं नव्हतं तरी गरज लागल्यावर तिनं सुरू केलं. तुमच्या हातात तर नॉब होता. मी रडले, तो वडगावचा माणूस बिचारा पाण्याची बाटली घेऊन उभा राहिला. मग माझं डोकं जरा शांत झालं आणि मघाशी मी त्याला काय काय विचारत होते ते आठवून मला आधी हसू आलं आणि मग अंगावर काटा आला. मी बोलत का होते? मला त्याच्या लग्नाशी काय देणंघेणं? तुम्हाला तरी कुणाच्या म्हशीशी काय देणंघेणं होतं? घरी तर तुम्ही कधी बडबडे नव्हता. पायथ्याला इंजिन सुरू झालं की तुम्ही लगेच गप्प व्हायचात, हे मी शेजारी बसून इतक्यांदा ऐकलं होतं आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुम्ही रोज घाबरत होता, आबा. सगळे करतात म्हणून तुम्ही करत होता, आणि वरपासून खालपर्यंत घाबरत होता.

उरलेला घाट मी उतरले. बॅटरीत थोडी जागा झाल्यावर गाडीनं पदर धरायला सुरुवात केली, आणि इंजिन अधूनमधून बोलत राहिलं. खाली लेकीकडे पोचलो. तिचं पोट आता चांगलं दिसायला लागलं आहे. तिनं गाडीला चक्कर मारली, मागच्या सीटवर बसून बघितलं, पाय लांब करून बघितले आणि म्हणाली, "मस्त आहे गं. आवाजच नाही. मला झोप लागेल." मग माझ्याकडे बघून, "मम्मी, भीती नाही ना वाटली?" मी म्हटलं, छे, भीती कसली. वडगावचा माणूस तोंडात लाडू होता म्हणून गप्प बसला.

आत्ता, तुम्हाला लिहिता लिहिता, मी त्याला फोन लावला आणि हो म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, खरं सांगू काय? मला वाटलं तुमी परत फोनच करणार न्हाय." गाडी आठवड्यात मिळेल. तोवर मला धाकट्याला सांगायचं आहे की तुझं मटण खाईन, पण गाडीला वायर लावायची नाही. त्याला वाईट वाटेल, तो म्हणेल आक्का आमच्या घरची लाइट बी चालंना व्हय तुला. समजावून सांगेन. घरून भरून निघायचं, चढाला सगळी वीज संपवायची आणि घाटाच्या तोंडाशी रिकामं पोचायचं, मग ती धरते. हे मला आता पक्कं कळलं आहे. भीती त्यामुळं कमी झाली का, तर नाही झाली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. जुनी गाडी द्यायच्या आधी तिच्यातलं सामान काढेन तेव्हा हेही काढून ठेवेन. पुढच्या आठवड्यात लेकीला आणायला जाईन तेव्हा उतरताना मी एकटीच असेन आणि बहुतेक त्या रिकाम्या गाडीशीच बोलेन. ती सोबत असेल तेव्हा चढ असेल, चढाचं काही नाही. पण बाळ झाल्यावर, बाळंतपण उरकून तिला सासरी पोचवायची आहे. तेव्हा मागच्या सीटवर ती आणि तिच्या मांडीवर ते, आणि पुढं उतार. गाडी गप्प झाली की मी सुरू होणार आहे. सासूचं विचारेन, जावयाच्या बदलीचं विचारेन, शेजारणीचं काढेन, पायथ्यापर्यंत एकही वाक्य अर्धं सोडणार नाही. ती म्हणेल, मम्मी, किती बोलतेस गं. आणि का बोलते ते मी तिला सांगणार नाही. तुम्ही तरी मला कुठं सांगितलंत.